अर्धा ऱ, पूर्ण थकबाकी

गेली बावीस वर्षं मी बँकेत सह्या ताडून पाहतो आहे. सकाळची आणि संध्याकाळची सही हुबेहूब सारखी आली, तर तो खातेदार नसून रबरी शिक्का असावा, असं माझं अनुभवसिद्ध मत आहे. म्हणून आम्ही सहीबरोबर चेहराही पाहतो. संगणक चेहरा पाहत नाही, आणि माझं भांडण तिथंच आहे.

झालं असं, की आमच्या वाचनालयाची स्मरणिका भाच्यानं ‘झीटेक’वर जुळवली. प्राध्यापक डोनाल्ड क्नूथ यांनी १९७८ साली अक्षरजुळणीसाठी ‘टेक’ काढलं, त्याचं हे युनिकोड जाणणारं भावंड. त्यात भाच्यानं एक मॅक्रो लिहिला : सभासदाचं नाव वर्गणीच्या यादीत सापडलं तर ‘आभार’, नाही तर ‘थकबाकीदार’. प्रूफ आलं. थकबाकीदार एकच : अण्णा कऱ्हाडकर! पानवाल्याचीही उधारी न ठेवणारे अण्णा प्रूफ हातात धरून नुसते बसून राहिले. खजिनदार मी. तोंड कुठं लपवू?

“मामा, मॅक्रो बरोबर आहे. नाव कुणीतरी चुकीचं टाइप केलंय.”

दोन्ही नावं भिंगाखाली धरली. काडीचा फरक नाही. फरक पोटात! एकानं अर्धा ऱ काढला तो ‘ऱ’ला हलन्त लावून, दुसऱ्यानं साध्या ‘र’ला हलन्त लावून पुढं एक अदृश्य जोडक बसवून. कागदावर अक्षर एकच, संगणकाच्या वहीत आकडे निराळे. मॅक्रो ताडतो ते आकडे.

भाच्यानं ऐटीत ‘नॉर्मलायझेशन’ चालू केलं. त्यानं अखंड ‘ऱ’ आणि नुक्ता दिलेला ‘र’ एक होतात. पण जोडकवाला अर्धा ऱ त्या नियमात बसतच नाही. अण्णा थकलेलेच!

मग चूक टंकणाऱ्याची? मुळीच नाही! दोन्ही रीती रास्त आहेत. चूक ताडणाऱ्याची. त्यानं आधी दोन्ही नावं एका रीतीला आणावीत, मगच निकाल द्यावा. डॉलर आणि रुपये एकाच रकान्यात मांडून बेरीज करणाऱ्याला आम्ही काटेकोर म्हणत नाही, कॅशवरून उठवतो.

शेवटी भाच्यानं ताडण्यापूर्वी जोडकवाला अर्धा ऱ बदलून घेणाऱ्या दोन ओळी घातल्या. अण्णा ‘आभारा’त गेले. नवं प्रूफ त्यांनी दोनदा वाचलं, आणि खिशातून वर्गणीची पावती काढून माझ्यापुढं ठेवली.

“असू दे तुझ्याकडे,” म्हणाले, “पुढच्या वर्षी लागेल.”