चाँद शोधायचा कुठे?

एकोणतिसावा रोजा सुटला की आमच्या गल्लीतल्या गच्च्या भरतात. तोंडात खजूर, नजर पश्चिमेला. पाच मिनिटांत निम्म्या माना खाली वळतात, मोबाइलकडे. हैदराबादला दिसला का? ग्रुपवरचा फोटो मागच्या वर्षीचा तर नाही? डोक्यावर एवढे आकाश असताना आम्ही चाँद फोनमध्ये शोधतो, याचे दरवर्षी वाईट वाटते.

2025 ची ईद आठवा. 29 मार्चला अमावस्या दुपारी साडेचारच्या सुमारास संपली. त्या संध्याकाळी चंद्र जेमतेम दोन तासांचा होता, डोळ्यांना दिसणे शक्यच नव्हते. तरी अफवा उठल्या. 30 तारखेला तो सव्वीस तासांचा झाला. त्या दिवशी पाडवा होता, 31 ला ईद झाली. 2024 मध्येही तसेच, 9 एप्रिलला गुढ्या आणि 11 ला ईद. एकाच अमावस्येनंतरचे हे दोन सण. 2023 मध्ये मात्र पाडव्यानंतर दोन दिवसांनी रमजान लागला होता. मग अधिक श्रावण आला, पाडवा एक चंद्र पुढे सरकला. हिजरी सनात अधिक महिना नाही. वर्ष 354 दिवसांचे, म्हणून रमजान दरसाल दहा-अकरा दिवस आधी येतो.

हे शाळेत कुणी मला सांगितले नाही. तरावीहहून परतताना संकष्टीचा चंद्र उगवायची वाट पाहणाऱ्या शेजारच्या काकूंशी बोलता बोलता उलगडले. त्या पूर्वेला बघतात, आम्ही पश्चिमेला. आकाशातली कृत्तिका म्हणजे आमची सुरैया, आणि तिच्या मागोमाग येणारी रोहिणी म्हणजे अलदबरान, हेही तेव्हाच कळले.

पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून हौशी लोकांना आकाश दाखवते आहे. मुंबईत वरळीचे नेहरू तारांगण 1977 पासून आहे. धाराशिवच्या पोराने त्यासाठी सहलीची वाट का पाहावी? घुमट नंतर बांधू; कोट्यवधींची ती गोष्ट आहे. अंधारे आकाश मात्र आपल्याकडे पुण्या-मुंबईपेक्षा जास्त आहे, आणि ते फुकट आहे. दर अमावस्येच्या आसपास दहा-वीस जण जमले आणि एक 10×50 ची द्विनेत्री असली, तरी मंडळ सुरू होते. सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय ती पश्चिमेला रोखायची नाही, एवढे पथ्य.

ईद कधी, हे रुयत-ए-हिलाल कमिटीच ठरवेल. त्यात कुणी ढवळाढवळ करू नये. पण कुठे बघायचे, किती वाजेपर्यंत बघायचे आणि आज दिसणे शक्य आहे का, एवढे सांगणारी चार पोरे-पोरी मोहल्ल्यात असावीत. त्यांत काकूंचा नातूही असावा. या एकोणतिसाव्याला हातलाईच्या डोंगरावर जायचे आम्ही ठरवले आहे. काकूंनी दुर्बीण देऊ केली आहे, नातवाची आहे म्हणाल्या, जपून वापरा.