सेमीकंडक्टर वहीत, सौर पंप शेतात; मधला दुवा कुणी शिकवायचा?

दहावी-बारावीनंतर डिप्लोमा, आयटीआयचे फॉर्म भरायला महा-ई-सेवा केंद्रावर गेलं की आजकाल एक शब्द हमखास कानावर येतो. सेमीकंडक्टर. केंद्र सरकारने डिसेंबर 2021 मध्ये त्यासाठी 76 हजार कोटींची योजना मंजूर केली. गुजरातेत साणंद आणि धोलेरा, आसामात मोरीगाव अशी कारखान्यांची नावं टीव्हीवर येतात. त्यामुळे पालकांना वाटतं, पोरगं इलेक्ट्रॉनिक्सला घातलं की लागलं मार्गी.

पण मंडळी, सेमीकंडक्टर आपल्या बांधावर कधीचा येऊन बसलाय. त्यातला एक प्रकार उजेड आणि वीज यांची अदलाबदल करतो. पुस्तकात त्याला ऑप्टोइलेक्ट्रॉनिक्स म्हणतात. नाव अवघड, वस्तू घरातल्या. एलईडी बल्ब वीज खातो, उजेड देतो. सोलर पॅनल बरोबर उलटं करतं. कोरोनात आशाताई बोटाला लावायच्या तो ऑक्सिमीटर आठवा. त्यात एका बाजूला लाल आणि डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड असे दोन एलईडी असतात, समोर उजेड मोजणारा फोटोडायोड. टीव्हीचा रिमोट, ग्रामपंचायतीत आलेली फायबर केबल, सगळीकडे हेच.

आता हे शिकवलं कसं जातं ते बघू. तालुक्यातल्या पोरांशी बोललं की एकच गोष्ट ऐकू येते, 'जर्नल पूर्ण करायची'. म्हणजे मागच्या बॅचच्या वहीतून आकडे उतरवायचे, आलेख काढायचा, सही घ्यायची. प्रयोगशाळेत किट असतं, पण ते बंद डब्याचं. दोन वायरी जोडा, काटा बघा, लिहा. टेबलाभोवती आठ-दहा पोरं आणि मीटर एकाच्याच हातात. सरांनाही सगळा दोष देता येत नाही. तासाला पोरं जास्त, वेळ कमी, वर वह्या तपासायचा ढीग.

खरं तर या विषयाचे प्रयोग स्वस्तातले आहेत. लाल आणि निळा असे दोन साधे एलईडी घ्या, तीन सेल, एक रेझिस्टर, व्होल्टेज कमी-जास्त करायला एक पॉट आणि मल्टिमीटर. हळूहळू व्होल्टेज वाढवत न्या. लाल साधारण पावणेदोन व्होल्टच्या आसपास पेटायला लागतो, निळ्याला अडीच-पावणेतीन तरी लागतात. का? कारण निळ्या उजेडाच्या एकेका कणात ऊर्जा जास्त. चार-पाच रंगांचे आकडे घेऊन आलेख काढला तर प्लँकचा स्थिरांक, जो पोरं फक्त पाठ करतात, तो ढोबळमानाने आपल्या टेबलावर निघतो. आणि हा निळा एलईडी बनवणं इतकं अवघड होतं की ते जमवणाऱ्या तिघांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

दुसरा प्रयोग आपल्या कामाचा. दहा वॅटचं छोटं पॅनल उन्हात ठेवा. त्यात साधारण 36 सेल एकापुढे एक जोडलेले असतात, एकेक अर्ध्या-पाऊण व्होल्टचा. आधी नुसतं व्होल्टेज मोजा, वीस-एकवीस दाखवेल. मग अँपिअर मोजा. आता एकाच सेलवर पुठ्ठा ठेवा. व्होल्टेज जवळपास तेवढंच राहतं, पण अँपिअर धपकन खाली येतात. पाटात एका ठिकाणी ढेकूळ आडवं आलं की पुढे पाणी जात नाही, तसंच हे.

सगळी गोम इथेच आहे. पंप पाणी टाकत नाही म्हणून बोलावलेला माणूस बरेचदा फक्त व्होल्टेज बघतो आणि 'पॅनल ओके आहे' म्हणून निघून जातो. बाभळीची सावली, पक्ष्यांची घाण, धुळीचा थर याचा हिशेब त्याच्या मीटरवर येतच नाही, कारण लोड देऊन मोजायचं त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. मोठ्या पॅनलमध्ये सावलीवर तोड म्हणून बायपास डायोड असतात, तरी नुकसान होतंच.

उन्हाळ्यातली तक्रारही तशीच. 'ऊन एवढं कडक, मग पाणी कमी का?' सिलिकॉनचं पॅनल तापलं की त्याची ताकद घटते, दर अंशाला साधारण 0.4 टक्के. कंपनी वॅट सांगते ते 25 अंशाला. एप्रिल-मेच्या दुपारी पॅनल 65 अंशांवर गेलं तर सोळा टक्के तिथंच गेले. सावलीतलं पॅनल उन्हात आणून पहिल्या मिनिटाला आणि अर्ध्या तासाने रीडिंग घेतलं की हे पोराला कळतं आणि जन्मभर लक्षात राहतं.

हे प्रयोग छोट्या पॅनलवरच करायचे बरं का. पाच एचपीच्या पंपाची पॅनल एकापुढे एक जोडलेली असतात, तिथं शेकडो व्होल्ट डीसी असतं आणि सूर्याला काही बटण नाही. शेतात कुणी वायरी उचकटू नयेत.

कुणी म्हणेल, आता संगणकावर प्रयोग दाखवतात की. दाखवतात, पहिली ओळख म्हणून ठीक. पण तिथला आकडा नेहमी बरोबर येतो. खऱ्या टेबलावर वायर ढिली असते, ढग येतो, मीटरचा सेल उतरलेला असतो. आकडा चुकला का, हे शोधणं म्हणजेच मेकॅनिक होणं.

आणि गरज किती आहे बघा. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातीसाठी 5 टक्के. दुरुस्तीची हमी पाच वर्षांची. पॅनलचं आयुष्य मात्र वीस-पंचवीस वर्षं धरतात. मधली पंधरा-वीस वर्षं रब्बीच्या ऐन पाळीत पंप अडला तर धावून येणार कोण? जिल्ह्याच्या ठिकाणाहून माणूस येईस्तोवर हरभरा वाळलेला असेल. गावातल्याच पोराला हे जमलं तर त्याचं पोट गावातच भरेल. आयटीआयला सोलर टेक्निशियनचा एक वर्षाचा ट्रेड आहे, डिप्लोमाच्या इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्सलाही हे विषय आहेत. कागदावर काही कमी नाही.

साहित्याचा खर्च म्हणाल तर साधा मल्टिमीटर तीन-चारशेत येतो, एलईडी दोन-पाच रुपयांना, छोटं पॅनल हजाराच्या आतबाहेर. इमारतीच्या रंगरंगोटीला लागतात त्यापेक्षा कितीतरी कमी.

तेव्हा ॲडमिशनला जाल तेव्हा नुसती फी आणि होस्टेल विचारून परत येऊ नका. एका मीटरवर किती पोरं, ते विचारा. प्रयोगशाळा उघडायला लावा, किटवर धूळ आहे का बघा. जमलं तर दुसऱ्या वर्षाच्या दोन पोरांच्या जर्नल शेजारी-शेजारी ठेवा. उन्हात घेतलेलं रीडिंग दोघांचं दशांशापर्यंत सारखं असेल, तर तिथं पॅनल उन्हात कधी गेलेलंच नाही.