लाडाचं नाव घरालाच राहू द्या



हल्ली बारशाचं आमंत्रण फोनवर येतं आणि त्यात बाळाचं नाव असतं मिनू, पिहू, चिऊ नाहीतर सोनू. हाक मारायला ही नावं गोड आहेत, त्यात वाद नाही. पण "कागदावर काय घालणार?" असं विचारलं की उत्तर येतं, "हेच. दुसरं नाव नाहीच." माझं मत आधीच सांगून टाकते. लाडाचं नाव घरात असावं आणि जन्मदाखल्यावर मुलीला पुरं नाव असावं.

पुरं म्हणजे लांबलचक नव्हे. पार्श्वनाथ भगवानांच्या आईचं नाव वामा, दोनच अक्षरं. अठरावे तीर्थंकर अरनाथ, त्यांचं मूळ नाव तर नुसतं 'अर'. ऋषभदेवांनी ज्या मुलीला लिपी शिकवली ती ब्राह्मी आणि जिला अंक शिकवले ती सुंदरी. ही नावं छोटी आहेत, पण अपुरी नाहीत. आणि अरिष्टनेमींना आपण नेमिनाथ म्हणतोच की. म्हणजे मोठं नाव प्रेमाने लहान होतं, ही रीत जुनीच आहे. माझा आक्षेप अक्षरांच्या संख्येवर नाही. लाडाचं नाव हे त्या वेळच्या बाळाच्या मापाचं असतं, आणि बाळ काही त्या मापाचं राहत नाही, एवढंच माझं म्हणणं.

कुणी म्हणेल, आपल्या सांगली-कोल्हापूरकडे तर घरातली हाकच नाव व्हायची. खरं आहे. पाळण्यातल्या पोरीचं नाव आक्काताई आणि पोराचं आप्पासाहेब! दिवाण बहादूर अण्णासाहेब लठ्ठे यांचं कागदावरचं नाव 'अण्णा बाबाजी लठ्ठे' असंच होतं. ते कोल्हापूर संस्थानचे दिवाण झाले आणि १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. घरच्या नावाने त्यांचं काही अडलं नाही. पण नीट पाहा, ही सगळी मोठेपणाची नावं आहेत. अण्णा, आप्पा, आक्का ही वडीलधाऱ्यांना मारायची हाक. बाळाला ते नाव सैल होतं, पण वयाबरोबर अंगाला बसत जायचं. आताची लाडाची नावं नेमकी उलटी आहेत. पाळण्यात ती छान बसतात आणि नंतर दरवर्षी तोकडी होत जातात.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या एका चुलत आत्याचं नाव 'बेबी'. आपल्या पिढीच्या आधी अशा कितीतरी बेबी झाल्या. घरात हाक पडली, शाळेत घालताना तीच लिहिली गेली आणि पुढे रेशनकार्डापासून सगळीकडे तीच उतरली. काही वर्षांपूर्वी तिला घेऊन मी एका बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेले होते. खिडकीतल्या मुलाने कागद बघून हाक दिली, "बेबी कोण आहे?" सगळ्यांच्या माना लहान मुलगी शोधायला वळल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आत्या काठी टेकत उठली. त्या मुलाची काही चूक नव्हती, त्याने जे लिहिलं होतं तेच वाचलं. रिक्षात बसल्यावर आत्या एवढंच म्हणाली, "लहानपणी मला विचारायचा प्रश्नच नव्हता आणि मोठेपणी कुणाच्या लक्षात आलं नाही." तिच्या भावाला घरात 'बाळ' म्हणायचे. तो गावात बाळासाहेब झाला. बेबी बेबीच राहिली.

दुसरं उदाहरण थोडं कडू आहे. २०११ साली सातारा जिल्ह्यात 'नकुशी' नावाच्या २८५ मुलींना समारंभाने नवी नावं दिली गेली. काहींनी तर आपलं नाव स्वतः निवडलं. तिथे लाड नव्हता, मुलगी नको हीच भावना होती. लाडाच्या नावाशी त्याची बरोबरी मी करत नाही. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी दिसते. मोठ्यांच्या मनात त्या दिवशी जे होतं, ते मुलीच्या अंगाला जन्मभरासाठी चिकटलं. नाव ठेवताना आपण आपल्या भावनेपुरतं बघायचं की तिच्या पुढच्या ऐंशी वर्षांकडे बघायचं, हा खरा प्रश्न आहे.

आमच्या घरी सध्या हाच विषय चालू आहे. नात दहा महिन्यांची झाली. दाखल्यावर नावाची जागा अजून रिकामी आहे आणि सूनबाईंना 'मिनू' हेच नाव घालायचं आहे. तिचं म्हणणंही ऐकण्यासारखं आहे. ती म्हणते, मोठं नाव ठेवलं तरी लोक तोडतातच. चंदनबाला ठेवलं तर शाळेत चंदू होणार. परदेशी गेली तर छोटं नाव सोपं. शिवाय घरी एक आणि कागदावर एक म्हणजे घोळ.

मी वाणिज्य शाखेची, घोळाचं मला लगेच कळतं. पण हा घोळ दोन नावं असल्याने होत नाही, दोन्ही नावं कागदावर गेल्याने होतो. शाळेत मिनू, आधारवर मीनल, बँकेत तिसरंच स्पेलिंग, असं केलं की मग फेऱ्या माराव्या लागतात. कागदावर एकच नाव आणि सगळीकडे एकच स्पेलिंग, एवढा नियम पाळला की घरात दहा नावांनी हाक मारा. आणि आता तर जास्त जपायला हवं. १ ऑक्टोबर २०२३ पासून कायदा बदलला आहे. त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट, मतदारयादी, विवाहनोंदणी या सगळ्यासाठी जन्मदाखलाच आधार धरला जाणार. पाया तिथेच पडतो.

घाईही नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी लागते, पण बाळाचं नाव नंतर घालता येतं. बारा महिन्यांपर्यंत त्याला शुल्क नाही, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. एकदा घातलेलं नाव बदलायचं म्हणजे मात्र राजपत्रापर्यंत जावं लागतं. शिवाय आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव बाळ, आई, वडील, आडनाव या क्रमाने लिहितात. आईचं नाव आता मुलीच्या नावाला लागून येतं, याचा मला फार आनंद वाटतो. त्या ओळीत पहिलं नाव तेवढंच भक्कम असावं.

सूनबाईंनी शेवटी एक प्रश्न विचारला, तो मनात घर करून बसला. "आई, तुमचं तर लग्नात नावच बदललं. तेव्हा कुणी विचारलं का?" नव्हतं विचारलं. माझी बी.कॉम.ची पदवी माहेरच्या नावाची आहे आणि बाकीचे कागद सासरच्या नावाचे. ती पदवी माझीच आहे हे सांगायला मला प्रतिज्ञापत्र करावं लागलं. आपल्या पिढीत बाईचं नाव आधी आत्याने ठेवलं, मग सासरने बदललं. म्हणूनच मला वाटतं, नातीच्या हातात काहीतरी राहू द्यावं. फ्रॉक शिवताना आपण खाली दुमड ठेवतो, पोर वाढली की उसवून सोडता येते. नावाचंही तसंच. मीनलला वाटलं तर ती स्वतःला मिनू म्हणवेल. मिनूला मीनल व्हायचं झालं तर सरकारी कागद रंगवावे लागतील.

आदिपुराणात त्रेपन्न क्रियांमध्ये नामकर्म येतं आणि जिनेंद्रांच्या १००८ नावांतून बाळाचं नाव घेण्याची रीत तिथे सांगितली आहे. एवढा मोठा साठा आपल्यापाशी आहे. सोलापूरच्या पंडिता सुमतिबाई शहांचं नाव पाहा. पाचव्या तीर्थंकरांचं नाव, तीन अक्षरी, सोपं, आणि विदुषीलाही शोभलेलं. नाव निवडताना ते आडनावासह मोठ्याने म्हणून बघा. पुढे डॉक्टर लावा, मागे आजी लावा. दोन्हीकडे ते बसलं की ठेवा, मग दोन अक्षरांचं का असेना.

आणि शेवटी मनातलं सांगते. लाडाचं नाव ही घरातल्या चार माणसांची ठेव असते. खिडकीपलीकडच्या अनोळखी माणसाच्या तोंडीही तेच नाव असेल, तर घरी आल्यावर तिला 'आपली' हाक कुठली उरणार? सूनबाईंना मी हे सारं सांगितलं आहे. नाव आई-वडीलच ठरवतील, तो त्यांचा हक्क. वर्ष भरायला अजून दोन महिने आहेत. तुमच्याही घरी पाळणा हलत असेल तर तेवढा वेळ घ्या.