काचपेटीचा ताळेबंद

वैशाखातील दुपारी लोहारा येथे पारा चाळिशीच्या पुढे सरकतो, हवा कोरडीठक्क होते आणि वृंदावनातील तुळसही मान टाकते. अशा दिवसांत ओलाव्यावर जगणारे नेचे आणि शेवाळ घरात वाढवणे हे धाडसच. गतवर्षी सुटीत आमच्या नातवाने ते केले. काचपेटीत खडी, कोळसा व माती यांचे थर देऊन त्याने छोटीशी बाग, म्हणजेच टेरॅरियम, उभारली आणि तिची राखण यंत्राकडे सोपवली.

यंत्राची रचना सोपी होती. डीएचटी-22 हा संवेदक दर 2 सेकंदांनी तापमान व आर्द्रता सांगतो. आर्डुइनो हा छोटा नियंत्रक ते आकडे वाचून निर्णय घेतो आणि रिले त्यानुसार पंखा किंवा तुषारयंत्र चालू-बंद करतो. आर्द्रता 70 टक्क्यांखाली गेली की तुषार सुरू, 85 वर पोहोचली की बंद. या दोन मर्यादांत अंतर हवेच. एकच आकडा ठेवला तर रिले क्षणोक्षणी फडफडत राहतो. पंख्याचा नियम मात्र नातवाने थंड देशातील नमुन्यावरून जसाच्या तसा उचलला होता: तापमान 30 अंशांवर गेले की पंखा सुरू.

एके दुपारी दुकानातून जेवायला आलो, तो पंखा जोरात चाललेला, तुषारयंत्राची टाकी रिकामी आणि शेवाळ तपकिरी! वनस्पतीही जीवच, हे लहानपणापासून ऐकलेला तो मुलगा रडवेला झाला. यंत्र बिघडले नव्हते. त्याने आज्ञेचे तंतोतंत पालन केले होते. खोलीतील हवा पेटीतल्या हवेहून तप्त आणि कोरडी होती. पंखा तीच आत ओढत होता, आणि आत जितके तापेल तितका अधिक चालत होता.

या काचपेटीचा जन्मच बाहेरच्या हवेपासून रक्षण करण्यासाठी झाला. लंडनच्या धुरात डॉ. नथॅनियल वॉर्ड यांचे नेचे जगत नसत. 1829 मध्ये त्यांनी पतंगाचा कोश ठेवलेल्या बंद बाटलीतील ओल्या मातीत नेचा आपोआप उगवला. पुढे अशाच पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्युन यांनी चीनमधील चहाची रोपे भारतात आणली.

वाचकहो, आपल्या व्यवसायात केवळ जमेची बाजू लिहून कोणी ताळेबंद मांडत नाही. नातवाच्या यंत्रात आतला आकडा होता, बाहेरचा नव्हता. त्याने दुसरा संवेदक पेटीबाहेर बसवला आणि नियम बदलला: बाहेरची हवा आतल्याहून थंड असेल तरच पंखा चालावा. त्यामुळे पंखा आता बहुधा पहाटे चालतो. दुपारी यंत्र पेटीतला दिवा बंद करते. पेटी माजघरात हलवली आहे आणि तिच्या बाजूंना आजी ओले फडके गुंडाळते. माठ पाणी गार करतो, त्याच न्यायाने कोरड्या हवेत ते फडके काच गार ठेवते.

शेवाळ काही आठवड्यांत पुन्हा हिरवे झाले. एक नेचा मात्र गेला. तेव्हापासून रात्री दुकानाचा रोजमेळ संपला की नातू वहीत आतले-बाहेरचे आकडे मांडतो आणि मग काचेशी डोळे नेऊन एकेक पान स्वतः पाहतो. वहीतील शिल्लक आणि गल्ल्यातील रोकड जुळली, तरच हिशेब खरा.