बाधित आईचे दूध आणि सरकारची जबाबदारी

एचआयव्हीबाधित आईने बाळाला अंगावर पाजावे की नाही, असा प्रश्न निघाला की शहाणी मंडळी सल्ला देतात, ‘डब्याचे दूध द्या!’ आम्ही विचारतो, हा डबा परवडतो कोणाला? जिच्या वस्तीत दिवसाआड पाणी येते, जिच्याकडे सरपणाला पैसे नाहीत, तिने दिवसातून आठ वेळा बाटली उकळायची कशी?

आईच्या दुधातून विषाणू बाळाकडे जातो, हे खरे आहे. उपचारच नसतील तर गर्भारपण, बाळंतपण आणि स्तनपान मिळून १०० पैकी १५ ते ४५ बाळांना लागण होते. पण आफ्रिकेतील बोट्सवानाचा धडा विसरता कामा नये. तेथील सरकारने बाधित मातांना पावडरचे दूध फुकट दिले. २००६ साली अतिवृष्टीनंतर अतिसाराची साथ आली आणि अंगावर न पिणारी बाळेच अधिक दगावली.

दक्षिण आफ्रिकेतील डर्बनच्या संशोधकांनी १९९९ सालीच दाखवून दिले होते की, निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळांपेक्षा अंगावरच्या दुधासोबत पाणी किंवा वरचे दूध घेणाऱ्या बाळांना लागण जास्त होते. आपल्याकडची गुटी, मध, साखरपाणी त्यातलेच!

आज उपाय हाती आहे. आईने एआरटीच्या गोळ्या रोज घ्याव्यात, बाळाला डॉक्टरांनी दिलेले औषध द्यावे आणि सहा महिने फक्त अंगावर पाजावे. मग लागणीचे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली येते. २०१४ पासून भारतात प्रत्येक बाधित गरोदर स्त्रीला या गोळ्या आयुष्यभर मोफत देण्याचे धोरण आहे.

पण ऊसतोडीला गेलेल्या आईचे काय? गोळ्यांचे केंद्र गावाकडे, ती फडात! कोयता हातात असताना बाळाला वेळेवर पाजणार कोण? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला आणि त्याचा भार सरकारनेही उचलावा, असे ठणकावले. २०१७ साली ही रजा २६ आठवडे झाली, पण ती नोकरदार बाईची. फडावरच्या, वीटभट्टीवरच्या आईच्या वाट्याला काय आले?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक गरोदर स्त्रीची वेळेत तपासणी करा, गोळ्या कामाच्या ठिकाणी पोहोचवा आणि मजूर आईला सहा महिने भरपगारी विश्रांती द्या. बाधित आईकडे बोट दाखवणे सोपे आहे. तिच्या हाती गोळी आणि पदरी वेळ देणे, हे सरकारचे काम आहे. ते करून घेणे आपले!