पहिल्या पावसाळ्यातच कलम

बहुतेकांच्या घरी येणारे पहिले बोन्साय एकच असते: जाडजूड, फुगीर मुळांवर झुपकेदार पाने, रोपवाटिकेत 'जिनसेंग' नावाने विकले जाणारे. जिनसेंगशी त्याचा काही संबंध नाही. खाली फायकस मायक्रोकार्पाची फुगवलेली मुळे आणि वर लहान पानांच्या वाणाच्या कलमकाड्या, असा तो जोड असतो. म्हणजे नवशिका पहिल्या दिवसापासून कलमी झाड सांभाळतो, पण त्याला ते कोणी सांगत नाही. मग जोडाखालून जोमदार फुटवा आला की तो खूश होतो, खुडायचे सोडून त्याला वाढू देतो, आणि वरचे कलम हळूहळू मागे पडते.

आपल्या बोन्साय वर्गांमध्ये कलम शेवटी येते. आधी छाटणी, मग तार, मग कुंडी बदलणे, आणि कलम 'पुढच्या वर्षी बघू'. हा क्रम बदलायला हवा, असे आमचे स्पष्ट मत आहे. बुंधा देखणा पण हवी तिथे फांदीच नाही, ही नवशिक्याची पहिली अडचण असते आणि तिथे तार काही कामाची नाही. वड-उंबराच्या कुळात कडक छाटणीनंतर बुंध्यावर फुटवे येतात हे खरे. पण ते कुठे यावेत हे आपल्या हातात नसते.

कलम अवघड, हा समज काडी तोडून बसवण्याच्या पद्धतींमुळे झाला आहे. तोडलेली काडी जोड धरेपर्यंत स्वतःतल्या ओलाव्यावर जगते. नवशिक्याचा हात अडखळला की ती सुकते. म्हणून सुरुवात भेट कलमानेच करावी. आंब्याच्या जुन्या रोपवाटिकांनी वर्षानुवर्षे वापरलेली हीच पद्धत. त्याच झाडाची लांब वाढू दिलेली फांदी वाकवून बुंध्याजवळ आणायची, बुंध्यावर तिच्याच रुंदीची खाच घ्यायची, फांदीची साल त्या लांबीत तासायची आणि सालीखालचा हिरवा थर दोन्हीकडे जुळवून घट्ट बांधायचे. फांदी आपल्याच मुळांवर जगत असते, त्यामुळे जोड फसला तरी झाड जात नाही. फायकसला चीक येतो. तो ओल्या फडक्याने पुसून, थांबल्यावरच जोड बसवावा.

दुसरा प्रकार फांदी ओवण्याचा. हवी तिथून बुंध्याला आरपार भोक पाडायचे, पाने काढलेली कोवळी फांदी शेंड्याच्या कोंबाला धक्का न लावता ओवायची आणि दोन्ही तोंडे कलम-मलमाने बंद करायची. फांदी जाड होत जाते तशी ती भोकाच्या कडेला दाबली जाते आणि तिथेच एकजीव होते. घाई इथेच नडते. बाहेर पडणारी बाजू आत शिरणाऱ्या बाजूपेक्षा ठळक जाड दिसल्याशिवाय कात्री लावू नये. मग आत शिरणाऱ्या बाजूला आधी अर्धा छेद द्यावा, काही आठवडे पाने टवटवीत राहतात का पाहावे, आणि नंतरच पूर्ण कापावे. जोमात वाढणाऱ्या फायकसला एक हंगाम पुरतो. चिंचेसारख्या सावकाश झाडाला त्याहून जास्त.

आता हंगामाचे बोलू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे आहे. जपानी पुस्तकांतला वसंत ऋतू आपण जसाच्या तसा उचलतो. गोंदियाजवळचे बिरसी घ्या. भोवती धानाच्या बांध्या. या भागात मार्चमध्ये झाडे फुटतात खरी, पण पुढच्या दोन महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हवा कोरडी होते. मार्चमध्ये बांधलेला जोड मे महिन्यात परीक्षेला बसतो. त्यापेक्षा जूनअखेर ते ऑगस्ट हा काळ हक्काचा: हवेत दमटपणा, झाडात रस, वाढ जोरात. काळजी एकच, बांधलेल्या पट्टीखाली पाणी मुरता कामा नये.

शिकवायला माणसे कुठून आणायची, असा प्रश्न येतो. विदर्भात तरी तो विचारू नये. वरूड तालुक्यातल्या शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचे डोळे भरणारे हात सफाईने चालतात. गावठी बोरीवर चांगल्या जातीचे डोळे भरणारेही गावोगावी आहेत. चाकूची धार, पट्टीचा ताण, साल उचलण्याची वेळ हे त्यांच्याकडूनच शिकावे. फरक एका ठिकाणी आहे. संत्र्याचा डोळा जमिनीपासून वीतभर किंवा त्याहून वर भरतात, कारण खाली ओल लागली की डिंक्या रोगाची भीती. बोन्सायमध्ये मधेच दिसणारा जोड हा दोष. तो मुळांशी तरी दडवावा, नाहीतर फांदीच्या बगलेत. तंत्र त्यांचे, नजर आपली.

आणखी एक फायदा बोलला जात नाही. फांदी हवी तिथे लावता येते हे कळले की रोपवाटिकेतले साधे, जाड बुंध्याचे रोपही उपयोगाचे ठरते. नागझिरा अभयारण्याच्या शेजारी राहणाऱ्यांनी जंगलातली जुनी झाडे उपटून आणण्याचा मोह त्यामुळे तरी सोडावा.

वर्ग चालवणाऱ्या सर्व वाचकांना विनंती: या जूनमध्ये नव्या विद्यार्थ्याच्या हाती तार देण्याआधी लांब फांद्यांचे एक साधे फायकस द्या आणि त्याच्याकडून एक भेट कलम बांधून घ्या. पुढच्या पावसाळ्यात ते झाड वर्गात परत आणायला सांगा आणि जोड कापण्याचे काम सर्वांसमोर करून घ्या.