जुना रेल्वे पूल मुलांना चालायला द्या



चौथीला वाहतुकीचा पाठ शिकवताना मी मुलांना एका पुलाचा फोटो दाखवला. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीवर पोकिप्सी शहराजवळ हा रेल्वे पूल आहे. १८८९ साली सुरू झाला, १९७४ मध्ये त्याला आग लागली आणि गाड्या बंद झाल्या. १९८४ साली तर तो चक्क एका डॉलरला विकला गेला! पुढे १९९२ मध्ये तिथल्या लोकांनी पूल वाचवायला संस्था काढली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये तो चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी खुला झाला. रुळांच्या जागी काँक्रीटच्या लाद्या, दोन्ही बाजूंना कठडे. लांबी दोन किलोमीटरहून जास्त, पाण्यापासून उंची साधारण ६५ मीटर.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, आपला पूल पण असा होईल का?"

आमच्या ओढ्यावर नॅरोगेजचा जुना पूल आहे. ब्रॉडगेज दुसरीकडून गेली, तेव्हापासून तो नुसता उभा आहे. वस्तीवरची मुलं मात्र रस्त्याच्या अरुंद पुलावरून शाळेत येतात. कारखाना सुरू झाला की त्याच पुलावर उसाच्या ट्रॉल्या येतात आणि मुलं दप्तर पोटाशी धरून कठड्याला चिकटून उभी राहतात. हे मी रोज बघते.

काही पालक म्हणतात, जुना पूल धोक्याचा आहे. आज आहेच. म्हणून तर आधी इंजिनिअरकडून खांब तपासून घ्या, मग कठडे लावा. पण जो पूल इंजिन आणि डबे पेलायला बांधला, त्याला आमची पोरं नि त्यांच्या सायकली किती जड होणार?

खरी अडचण पुलाच्या दोन्ही टोकांना आहे. पोकिप्सीला दोन्ही काठांवर जुन्या रेल्वेमार्गांच्याच सायकल वाटा झाल्यात, त्या पुलाला जोडल्या. आपल्याकडे वाट बाभळीत हरवलेली, आणि जागा नेमकी कुणाची हे विचारायला गेलं की एक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवतं. (मी दोन चकरा मारल्या. दोन्ही वेळा साहेब जेवायला गेले होते.)

त्यांनाही संस्था काढल्यापासून १७ वर्षं लागली. माझी चौथीची मुलं तोवर पंचविशी ओलांडतील. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा असा अर्ज दिलाय. त्याला मुलांनी काढलेला पुलाचा नकाशा जोडलाय. त्यात पुलावर बसायला दोन बाकडी आहेत आणि एक भेळेची गाडी!